लढाऊ विमानातली खुर्ची कुणाच्या मापाची?

२०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार दिवसांत, सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरत होता. रफाल चालवणारी आपली महिला वैमानिक शिवांगी सिंह पाकिस्तानच्या हाती लागली, असा. रात्री साडेदहाला माझ्या आत्याचा फोन आला. "अगं, आपल्या पोरीला धरलेत म्हणं त्यांनी. खरं का?" ती बातमी खोटी होती आणि भारत सरकारच्या पीआयबीने तसं जाहीरही केलं. पण आत्याला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे २९ ऑक्टोबर २०२५ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अंबाल्याहून रफालमधून उड्डाण केलं. त्या दिवशीच्या फोटोत त्यांच्या शेजारी स्क्वाड्रन लीडर शिवांगी सिंह उभ्या आहेत, धडधाकट. मी तो फोटो आत्याला दाखवला. आत्याने तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गणवेश शिवलेत. तिने आधी चेहरा बघितला, डोळे पुसले, मग फोटो मोठा करून कपडे बघत बसली. म्हणाली, "हे बायकांच्या मापाने कापतात, का गड्यांचंच माप घेऊन कमी करतात?"

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. लढाऊ विमानातल्या बाईबद्दल आजवर खूप कौतुक वाचलं, पण इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला आठवत नाही. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सगळ्या वैमानिक लढाऊ नसतात

हवाई दलात तीन प्रकारचे वैमानिक असतात. माणसं आणि सामान नेणारी मोठी विमानं चालवणारे, हेलिकॉप्टर चालवणारे आणि लढाऊ विमान चालवणारे. लढाऊ विमान म्हणजे शत्रूच्या विमानाशी हवेत झुंजायला किंवा जमिनीवरच्या लक्ष्यावर हल्ला करायला बनवलेलं, वेगवान, बहुधा एकाच माणसाचं विमान.

बायका पहिल्या दोन प्रकारांत १९९० च्या दशकापासून आहेत. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांत गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर चालवलं. मे २०२५ मध्ये रोज टीव्हीवर माहिती देणाऱ्या विंग कमांडर व्योमिका सिंह याही हेलिकॉप्टर वैमानिक. त्यांचं काम कमी जोखमीचं होतं असं अजिबात नाही. फक्त ते वेगळं होतं.

लढाऊ विमानाचं दार २०१५ मध्ये उघडलं आणि १८ जून २०१६ रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीतून पहिल्या तिघी बाहेर पडल्या. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ, मोहना सिंह. पुढचं प्रशिक्षण त्यांनी बिदरला हॉक विमानांवर घेतलं. म्हणजे आपल्या हैदराबाद रस्त्यानेच, नळदुर्ग-उमरगा मागे टाकून हुमनाबादपाशी डावीकडे वळलं की येणारं बिदर. सरळ रेषेत इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. ताशी ९०० किलोमीटरने निघालेल्या विमानाला सोलापूर बारा मिनिटांवर. वर्गात हे सांगितलं की मुली खिडकीबाहेर बघतात.

१९ फेब्रुवारी २०१८ ला अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून मिग-२१ एकटीने उडवलं. पण विमान उडवता येणं आणि ते घेऊन युद्धात जाता येणं यात बरंच अंतर असतं. दिवसा युद्धमोहिमेवर जायला पात्र ठरणाऱ्या पहिल्या भावना कंठ, मे २०१९ मध्ये. अकादमीतून बाहेर पडल्यावर जवळपास तीन वर्षांनी.

'जी' म्हणजे काय?

गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर मौत का कुआँ बघितला असेल, तर अर्धं समजलंच म्हणा. मोटारसायकल उभ्या भिंतीवर फिरते आणि पडत नाही, कारण वळताना भिंत तिला आत ढकलत असते. चालवणाऱ्याला मात्र आपण भिंतीत दाबले जातोय असं वाटतं. लढाऊ विमान तीव्र वळण घेतं तेव्हा वैमानिकाचं तेच होतं, फक्त अनेक पटींनी. हा दाब 'जी'मध्ये मोजतात. आत्ता खुर्चीत बसून तुमचं जे वजन आहे ते १ जी. रफाल ९ जीपर्यंत वळू शकतं. ६० किलोच्या मुलीचं शरीर त्या क्षणी ५४० किलोचं होतं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो धरले, तर मानेवर मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या अर्ध्या पोत्याहून जास्त भार.

खरी अडचण रक्ताची असते. तेही जड होतं आणि पायांकडे ओढलं जातं. हृदयाला ते डोक्यापर्यंत चढवता येईना की आधी रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग सगळा काळोख, आणि त्यानंतर शुद्ध हरपते. काही उपाय न केलेला माणूस चार-पाच जीलाच इथवर पोहोचतो. शुद्ध येऊन भान सावरेपर्यंत पंचवीसेक सेकंद जातात. तेवढ्यात विमान सहा किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि ते आकाशाकडे चाललंय की जमिनीकडे, हे बघायला कुणी जागं नसतं.

यावर दोन उपाय. पहिला, जी-सूट. पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवर घट्ट बसणारा, आत हवेच्या पिशव्या असलेला पेहराव. वळण आलं की पिशव्या फुगतात आणि रक्ताला खाली साचू देत नाहीत. त्याने एक-दीड जीची सोय होते. बाकीचं काम शरीराने करायचं. पाय आणि पोट दगडासारखं आवळायचं, श्वास रोखायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा भरायचा. हे करत असतानाच मान वळवून शत्रू शोधायचा आणि रेडिओवर बोलायचं. युद्धातून परतलेल्या वैमानिकाचे कपडे घामाने निथळत असतात ते यामुळे.

बाईचं शरीर हे सोसतं का?

हा आक्षेप मी स्टाफरूममध्येही ऐकलाय, म्हणून जे मोजलं गेलंय तेच सांगते. अमेरिकी हवाई दलाने शंभरावर बायका आणि शंभरावर पुरुष यांना गोल फिरणाऱ्या यंत्रात बसवून जी सोसण्याची ताकद तपासली. निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पाळीच्या दिवसांचाही परिणाम दिसला नाही.

यातली एक गोष्ट मला भौतिकशास्त्राची म्हणून फार आवडते. उंच माणसाचं हृदय आणि मेंदू यांत अंतर जास्त, म्हणजे रक्त चढवायचा चढ जास्त. वरच्या मजल्यावर नळाला पाणी कमी दाबाने येतं, तसं. म्हणून इथे उंचीचा तोटा होतो. अगदी सारख्या उंचीचे बाई आणि पुरुष निवडले तर बायका थोड्या मागे पडल्या, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण बायका सरासरीने बुटक्या असतात, त्यामुळे एकूण हिशेब बरोबरीत येतो.

मग अडतं कुठे? मापात

आत्याचा प्रश्न इथे येतो. ती म्हणते, गणवेश ढगळ झाला तर पोरगं वाईट दिसतं, एवढंच. जी-सूट ढगळ झाला तर पिशव्या अंगाला लागायच्या आधी हवेतच फुगतात आणि त्याचा उपयोग संपतो. कंबर बारीक, नितंब रुंद, मांडीचा घेर वेगळा. पुरुषाचं माप बारीक करून हे जमत नाही. कोणताही कटिंग मास्तर हे सांगेल.

खुर्चीचं त्याहून गंभीर आहे. विमानाला आग लागली की वैमानिक एक दांडा ओढतो आणि खुर्चीखालचा स्फोट त्याला खुर्चीसकट बाहेर भिरकावतो. हा धक्का एका ठरावीक वजनाच्या माणसाला धरून बेतलेला असतो. माणूस हलका असेल तर तोच धक्का त्याला जास्त जोरात फेकतो आणि मान मोडू शकते. अमेरिकेच्या एफ-३५ विमानात नेमकं हेच पुढे आलं. २०१५ मध्ये सुमारे ६२ किलोंपेक्षा हलक्या वैमानिकांना ते विमान चालवायला मनाई झाली. मग काय केलं? हेल्मेट हलकं केलं. हलक्या वैमानिकासाठी पॅराशूट, म्हणजे हवाई छत्री, किंचित उशिरा उघडेल असं बटण खुर्चीत बसवलं. डोक्यामागे आधार दिला. २०१७ मध्ये मनाई उठली. दोन वर्षांत खुर्ची बदलली, म्हणजे ती आधीपासून तशी बनवता आली असती. तिच्यावर कोण बसणार याचा विचार करताना हलक्या अंगाचा माणूस पुरेसा डोळ्यांपुढे नव्हता.

ज्यावर कुणी बोलत नाही ते

लढाऊ विमानात स्वच्छतागृह नसतं. साधं उड्डाण तास-दीड तासाचं असतं, तेवढं निभतं. पण हवेतच इंधन भरता येत असल्याने उड्डाण कितीही लांबू शकतं. जुलै २०२० मध्ये आपली पहिली रफाल विमानं फ्रान्सहून निघाली, तेव्हा अबुधाबीजवळच्या तळापर्यंतचा पहिला टप्पाच सात तासांहून जास्त होता. पुरुष वैमानिक अशा वेळी एक पिशवी वापरतो. बाईला त्यासाठी पट्टे सोडावे लागतात, पेहराव उघडावा लागतो, खुर्चीतून उठल्यासारखं व्हावं लागतं. तेही एका हाताने विमान सांभाळत. खुर्चीखाली स्फोटकं आहेत, हे विसरू नका.

म्हणून जगभरातल्या अनेक महिला वैमानिकांनी एकच उपाय केला. उड्डाणाआधी पाणी प्यायचं नाही.

हे वाचलं तेव्हा मी थांबले, कारण हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ज्या शाळेत शिकले तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं. सकाळी साडेसहाला घरून निघताना आम्ही मुद्दाम घोटभरच पाणी प्यायचो आणि दुपारी घरी येऊन अख्खा तांब्या रिकामा करायचो. एप्रिलमधलं सोलापूर, बेचाळीस अंश. अर्धा वर्ग डोकं धरून बसायचा आणि सर म्हणायचे, मुलींचं गणितात लक्ष नसतं. आत्याच्या कारखान्यातल्या बायकांचं, विडी वळणाऱ्या बायकांचं, एसटीने लांबच्या प्रवासाला निघालेल्या प्रत्येक बाईचं हेच.

आता याचा जीशी संबंध बघा. पाणी कमी झालं की रक्तातला पातळ भाग कमी होतो. हृदयाकडे डोक्यापर्यंत चढवायला मुळात रक्तच कमी. म्हणजे तहानलेली वैमानिक लवकर बेशुद्ध पडते. शरीर पुरेसं ताकदवान आहे हे १९८६ मध्ये सिद्ध झालं होतं, आणि तरी एका पिशवीपायी ती ताकद घटवून बायका उडत राहिल्या. अमेरिकी हवाई दलाने छोटा पंप लावलेलं, पेहराव न उघडता वापरता येणारं सुधारित साधन बायकांसाठी आणलं ते अगदी अलीकडे. दार उघडून (तिकडे ते १९९३ मध्ये उघडलं) जवळपास तीस वर्षं झाल्यावर. माझ्या लेखी संपूर्ण विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे.

युद्धातला दिवस कसा असतो?

बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. धावपट्टीच्या टोकाशी शस्त्रं लावलेली विमानं उभी असतात. त्या जागेला ओआरपी म्हणतात. शेजारच्या खोलीत वैमानिक जी-सूट चढवून बसलेले असतात. भोंगा वाजला की काही मिनिटांत विमान हवेत हवं. दिवसात एकदाही भोंगा वाजणार नाही, किंवा तीनदा वाजेल. या काळात घरी काही कळवायचं नसतं. मेमधल्या त्या रात्री आत्या जागी होती, तशा अशा वैमानिकांच्या आया जाग्या असतील, फरक इतकाच की त्यांना उत्तर देणारंही कुणी नसतं.

हवेत गेल्यावर वैमानिक एकटी असते, पण एकाकी नसते. जमिनीवरच्या रडारसमोर बसलेला अधिकारी तिच्या कानात बोलत असतो. शत्रू कुठे, किती उंचीवर, कोणत्या दिशेने. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमानं आली तेव्हा आपल्या वैमानिकांच्या कानातला एक आवाज मिंटी अग्रवाल यांचा होता. त्यांना त्यासाठी युद्ध सेवा पदक मिळालं.

मार बसतो तेव्हा काय होतं, हे किम कॅम्पबेल या अमेरिकी वैमानिकेच्या अनुभवावरून समजतं. ७ एप्रिल २००३, बगदाद. तिच्या ए-१० विमानाला मागून क्षेपणास्त्र लागलं आणि तेलाच्या दाबावर चालणारी सगळी यंत्रणा गेली. चालत्या ट्रकचं पॉवर स्टेअरिंग जावं, तसं. ए-१० मध्ये अशा वेळी तारा आणि दांड्यांवर, निव्वळ हाताच्या जोराने विमान वळवायची सोय असते. पण अशा अवस्थेत ते उतरवणं इतकं अवघड की खुर्चीचा दांडा ओढून उडी मारायचा पर्याय तिच्यापुढे होताच. खाली बगदाद होतं. तिने तासभर ते विमान ओढत कुवेतमधल्या तळापर्यंत आणलं आणि उतरवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उडाली, खाली पडलेल्या एका सहकाऱ्याच्या शोधासाठी. मला धाडसापेक्षा हा दुसरा दिवस मोठा वाटतो.

"आणि पकडली गेली तर?"

मेमधली अफवा इतक्या वेगाने का पसरली? पुरुष पकडला गेला तर तो सैनिक असतो, बाई पकडली गेली तर ती घरची अब्रू होते. अफवा पसरवणाऱ्याला हे नीट ठाऊक असतं.

कायदा सरळ आहे. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार भारत आणि पाकिस्तान दोघांनीही मान्य केलेला आहे. त्यानुसार युद्धकैद्याने फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगायचा. त्याला मारहाण करायची नाही, लोकांपुढे तमाशा करायचा नाही. स्त्री कैद्यांना झोपायची आणि स्वच्छतागृहाची वेगळी सोय द्यायची. पाळला जातोच असं नाही. १९९१ च्या आखाती युद्धात ऱ्होंडा कॉर्नम ही अमेरिकी सैन्यातली डॉक्टर हेलिकॉप्टर पडून इराकच्या ताब्यात गेली. दोन्ही हात मोडलेले, आणि त्या अवस्थेत तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला. तिने ते नंतर उघडपणे सांगितलं. पण म्हणून बायकांना युद्धापासून दूर ठेवा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने ती उभी राहिली नाही. सैन्यातच राहिली आणि ब्रिगेडियर जनरल झाली.

पकडलं जाण्याच्या नुसत्या संशयाने काय होतं, हे लिदिया लित्व्याकच्या बाबतीत दिसतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने मरीना रास्कोवाच्या पुढाकाराने बायकांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या केल्या होत्या. लिदिया त्यांतल्याच एकीतून पुरुषांच्या तुकडीत गेली आणि सप्टेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडवर तिने शत्रूची विमानं पाडली. शत्रूचं विमान पाडणारी ती जगातली पहिली स्त्री मानली जाते. १ ऑगस्ट १९४३ ला ती उडाली आणि परतली नाही. वय एकवीस. मृतदेह सापडला नाही, म्हणून ती जर्मनांना मिळाली असेल अशी कुजबुज झाली आणि देशाचा सर्वोच्च सन्मान अडकून पडला. तो मिळाला १९९० मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी.

लग्न, मूल?

२०१६ मध्ये पहिल्या तिघींना हवाई दलाने निदान चार वर्षं आई होणं लांबवा, असा सल्ला दिला होता. कारण सरळ आहे. गरोदरपणात लढाऊ विमान चालवता येत नाही आणि प्रशिक्षणात खंड पडला की पुन्हा बरंच मागून सुरुवात करावी लागते. मला हा सल्ला अन्यायाचा वाटत नाही. इतकी वर्षं प्रशिक्षण घ्यायचं असलेल्या बाईला तिचं वेळापत्रक तोंडावर सांगितलं, हे न सांगता वगळण्यापेक्षा बरं. बायकांना लढाऊ वैमानिक म्हणून घ्यायची योजना आधी प्रायोगिक होती, २०२२ मध्ये ती कायम झाली.

आमच्या मुलीला जायचं असेल तर?

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. एक वाट बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएची. तिथे मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली शिकून बाहेर पडल्या. दुसरी वाट पदवीनंतर, हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेची. दोन्हीकडे वैद्यकीय तपासणीत अंगाची मापं घेतात आणि मार्कांनी ती भरून निघत नाहीत. उड्डाण शाखेसाठी उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, पायांची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, मांडी ६४ पेक्षा लांब नको. मांडी जास्त लांब असेल तर खुर्ची बाहेर फेकली जाताना गुडघे समोर आपटतात, म्हणून.

दिवाळीनंतर माझ्या अकरावीतल्या एका मुलीने ही मापं फळ्यावरून उतरवून घेतली आणि विचारलं, बसल्यावरची उंची घरी कशी मोजायची. मी तिला रविवारी आत्याकडे नेलं. आत्याने तिला भिंतीला पाठ लावून जमिनीवर ताठ बसवलं, डोक्यावर पाटी आडवी धरली, पेन्सिलने खूण केली आणि गळ्यातली टेप काढली. मापं तिने नेहमीच्या सवयीने इंचात घेतली, मग चष्मा लावून टेपची दुसरी बाजू वाचली आणि एकेक आकडा तिच्या वहीत सेंटीमीटरमध्ये लिहून दिला.